निवडलेले तीळ

२०२१ च्या संक्रांतीची गोष्ट. लेक बेल्जियमला असते. फोनवर विचारलं, "तिळगूळ केलास का गं?" म्हणाली, "आई, तीळच फेकून दिले. दुकानदाराने पाकिटं परत मागवली होती. आपल्याकडचेच तीळ!"

मला रागच आला. आपल्या तिळाला नावं ठेवतात म्हणजे काय? मग तिने नीट समजावलं. सप्टेंबर २०२० मध्ये भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं बेल्जियमनेच प्रथम कळवलं होतं. साल्मोनेलासारखे जंतू मारायला साठवणीच्या मालात हा वायू सोडतात. जंतू मरतात, पण अंश मागे राहतो आणि त्याने कर्करोगाचा धोका असतो. तिकडे तिळाला मर्यादा आहे किलोला ०.०५ मिलिग्रॅम. ऑक्टोबरपासून तर तिकडे जाणाऱ्या तिळाबरोबर तपासणीचा दाखलाही लागू लागला.

इतकी वर्षं मी तीळ निवडते, पाखडते, धुऊन वाळवते. खडा दिसतो, माती दिसते. हे कसं दिसणार?

तेवढ्यात नातीने फोन घेतला. "आजी, तू खातेस ते तीळ कुणी तपासले?"

मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी वाण्याला विचारलं, तर तो हसला, "काकू, तीळ ते तीळ!"

मैत्रिणींनो, त्याने हसू दे. आपण विचारायचं सोडू नये. लेकीच्या डब्यातल्या तिळाला दाखला लागला, मग आपल्या डब्यातल्यांना का नको?