वेळ वाढव, पॉवर नको

१टी जातीचं टँटलम डायसल्फाइड दिसायला काळसर, चकचकीत, पापुद्र्यापापुद्र्यांचं. चिकटपट्टी लावून ओढली की वरचा थर सुटतो आणि खालचा कोरा पृष्ठभाग कामाला येतो. पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेत आम्ही यातली विद्युतभार-घनता लहर, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या दाटीची स्फटिकात उमटणारी नक्षी, बघतो. हे काम द्रव नायट्रोजनवर, ७७ केल्विनवर भागतं. निओबियम डायसेलेनाइडमध्ये मात्र अशी लहर पार ३३ केल्विनला उमटते. तिथे हीलियमचा खर्च आला.

खोलीच्या तापमानाला टँटलमच्या या संयुगात लहरीची नक्षी तुकड्यातुकड्यांत असते. थंड करत नेलं की सुमारे १८० केल्विनला ती एकसंध होते. ठिपक्यांच्या रांगोळीत मधल्या ठिपक्याकडे भोवतीचे बारा ओढले जावेत, तशी तेरा अणूंची चांदणी सगळीकडे भरते. विद्युतरोध एकदम दहापटीच्या आसपास चढतो. विल्सन, दि साल्व्हो आणि महाजन यांनी १९७५ साली अशा पदार्थांचा मोठा आढावा घेतला, तो मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या विवर्तनावरून. आम्ही हिरव्या लेसरने रामन वर्णपट घेतो. एकक पेशी तेरापट झाल्यामुळे आधी न दिसणारी कंपनंही त्यात उतरतात. लेसरच्या रेषेलगत बारीक शिखरांची दाटी होते.

ही शिखरं क्षीण असतात. पावसाळ्यात निर्वात जरा ढिला पडला, की क्रायोस्टॅटच्या काचेवर दव धरतं, लेसरचा ठिपका फिसकटतो आणि होता तो सिग्नलही जातो. मग नवा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, पॉवर वाढवू का?"

"वेळ वाढव."

कारण तापमापक सांगतो ते तांब्याच्या बैठकीचं तापमान. लेसर पडतो तिथे स्फटिक जास्त गरम असतो. किती, ते स्टोक्स आणि प्रतिस्टोक्स शिखरांच्या गुणोत्तरावरून काढावं लागतं. शिवाय हे संक्रमण आलेली वाट लक्षात ठेवतं. उतरताना १८०ला जमलेली नक्षी चढताना २२०च्या आसपास मोडते. समजा, खालून तापवत २०० केल्विनला आलो आणि जास्त पॉवरने तो ठिपका २२०च्या वर गेला. आता पॉवर कमी करून उपयोग नाही. ठिपका २००ला परततो, नक्षी परतत नाही; पुन्हा १८०च्या खाली जावं लागतं.

म्हणून वहीत प्रत्येक वर्णपटापुढे तापमान, बाण खाली की वर, आणि त्या जागेवर तोवर टाकलेली सर्वांत जास्त पॉवर, असं तिन्ही लागतं. यातलं एक जरी नसलं, तरी कितीही सुबक वर्णपट मी पुन्हा घ्यायला लावतो.