अब्बांच्या उशीखालचे यंत्र

गेल्या रमजानमध्ये एका संध्याकाळी इफ्तारच्या वेळी अब्बांच्या हातातला खजूर दोनदा ताटात पडला. हात थरथरत होते. खोदून विचारल्यावर कळले, की त्या पहाटे त्यांना सहरीला जागच आली नव्हती. आधीही तीन वेळा असेच झाले होते. उपाशीपोटी रोजे चालले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

गोंदिया म्हणजे धानाची नगरी. अब्बांची तीस वर्षे इथल्या राईस मिलमध्ये गेली आणि कान तिथल्या आवाजातच राहिले. अम्मी होती तोवर ती हलवून उठवायची. आता ते जुन्या घरात एकटे राहतात, मी दोन गल्ल्या पलीकडे. फोनची रिंग ऐकू येत नाही, दाराची कडीही नाही. मोबाईल उशीखाली ठेवून पाहिला, तर त्याची थरथर कापसातच विरून गेली. मनगटाला काही बांधून झोपायला ते तयार नव्हते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. बारावीला इलेक्ट्रॉनिक्स हा विषय होता. म्हटले, उशी हलवणारे यंत्र आपणच करू. त्यासाठी हवा होता मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपवरचा छोटा संगणक. टीव्हीच्या रिमोटमध्ये, वॉशिंग मशीनमध्ये तोच असतो.

मुलाने सुचवले, ‘ईएसपी ३२’ घे. वायफाय, ब्लूटूथ, २४० मेगाहर्ट्झचा वेग. वेळ थेट इंटरनेटवरून घेईल. मलाही मोह झाला. बोर्ड आणला, प्रोग्राम चालला, मी मोठ्या कौतुकाने अब्बांना दाखवला. त्यांनी एकच विचारले, “बेटी, रात्री लाइन गेली तर हे मला उठवेल का?”

मी गप्प झाले. लाइन गेली की राउटर बंद आणि वेळही बंद. शिवाय वायफाय सुरू असताना हा बोर्ड शंभर मिलिअँपिअरच्या वर वीज घेतो. सेलवर किती दिवस टिकणार? चिप किती ताकदवान आहे एवढेच मी पाहिले होते. काम काय आहे, हे पाहिलेच नव्हते.

मग वहीत काम लिहून काढले. तीस दिवसांच्या तीस वेळा लक्षात ठेवायच्या. तास आणि मिनिट धरून एका वेळेला दोन बाइट, म्हणजे सगळे मिळून साठ बाइट! ठरलेल्या वेळी एक मोटर फिरवायची. बाकी दिवसभर झोपून राहायचे. एवढ्यासाठी ‘आर्डुइनो उनो’ बोर्डावरची ‘एटीमेगा ३२८पी’ ही चिपसुद्धा पुष्कळ होती. तिच्यात ३२ किलोबाइट प्रोग्राम मावतो आणि वीज गेली तरी न पुसणारी एक किलोबाइट जागा वेगळी असते. पूर्ण बोर्डावरचे इतर भाग सतत वीज खातात, म्हणून शिकताना बोर्ड वापरला आणि शेवटी एकटी चिप काढून साध्या पीसीबीवर बसवली. तीन पेन्सिल सेलवर ती चालते आणि झोपेत जवळजवळ काहीच वीज घेत नाही.

पण चिपचे स्वतःचे घड्याळ कच्चे. कारखान्यातून येताना त्यात दहा टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. आठ तासांच्या रात्रीत पाऊण तासाची चूक. सहरीला हे कसे चालेल? म्हणून ‘डीएस ३२३१’ हे वेगळे घड्याळ जोडले. ते उष्णतेचा हिशेब ठेवून चालते, त्यामुळे आमच्या उन्हाळ्यातही वर्षभरात एक-दोन मिनिटांपलीकडे चुकत नाही. वेळ झाली की तेच चिपला जागे करते. वेळा मात्र गोंदियाच्याच भरल्या. गोंदिया मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेसात अंशांवर आहे, म्हणून आमची पहाट जवळपास अर्धा तास आधी होते. मुंबईचे वेळापत्रक इथे लावले, तर सहरी संपल्यावर जाग यायची.

मोटर जुन्या गेम रिमोटमधली, एका बाजूला वजन असलेली. ती घाईत थेट चिपच्या पिनला जोडली आणि पिन जळाली. एवढा प्रवाह पिनला झेपत नाही. मध्ये ट्रान्झिस्टर लागतो, हे मुलांना शिकवणारी मीच विसरले! दुसरी चिप आणावी लागली.

बंद करण्याचे बटन मुद्दाम लांब वायरीवर, भिंतीला लावले. उठून बसल्याशिवाय हात पोहोचत नाही.

आता कोणी विचारले, की कोणती चिप घेऊ, तर मी उलट विचारते: कोणासाठी करताय? लाइन गेली तर चालेल का? किती दिवस हात न लावता टिकायला हवे? ही उत्तरे मिळाली, की चिप आपोआप ठरते. गरजेपेक्षा जास्त घेणे हाही इस्राफच.

यंत्र बसवले त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे उठून जाते, असे मनाशी ठरवत होते, तेवढ्यात फोन वाजला. अब्बा होते. ऐकू येत नसल्याने नेहमीसारखे मोठ्याने बोलले, “मी उठलोय. तू उठलीस की नाही?”