मुलींचा सॉफ्टबॉल संघ घडवताना: जळगाव-धुळ्याचा विचार

शिकागो येथे १८८७ मध्ये, बेसबॉल हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा या हेतूने जन्मलेला सॉफ्टबॉल भारतात १९६१ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्यानंतर प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांच्या आधाराने वाढला, आणि महाराष्ट्रात या वाढीत जळगावचा वाटा मोठा आहे. राज्य संघटनेच्या सचिवपदाची जबाबदारीही जळगावच्याच प्रदीप तळवेलकर यांनी सांभाळलेली आहे. खेळाची ओळख असलेल्या अशा प्रदेशात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींचा संघ कसा घडवावा, हा प्रश्न अधिक आस्थेने विचारला गेला पाहिजे, कारण संघ उभा करणे आणि खेळाडू घडवणे या दोन कामांची येथे वारंवार गल्लत होते. शालेय स्पर्धांचे चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील गट, दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आणि शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के आरक्षण यांमुळे ग्रामीण कुटुंबे मुलींना मैदानावर पाठवू लागली, हे या व्यवस्थेचे निःसंशय श्रेय आहे. मात्र प्रमाणपत्र हेच ध्येय ठरले की खो-खो वा कबड्डीतील चपळ मुली स्पर्धेच्या तोंडावर गोळा करून संघ भरला जातो आणि ज्या मुलीला अजून चेंडू नीट फेकता येत नाही, तिला शिकवण्याचे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही.

विकासाभिमुख संघाची खरी कसोटी याच मुलीच्या फेकीत आहे. धावणे, उडी मारणे अशा हालचालींत वयात येण्यापूर्वी मुलगे व मुली यांच्यातील अंतर थोडे असते, परंतु चेंडू दूर व वेगाने फेकण्यात ते लहान वयातच मोठे दिसते. अमेरिकन अभ्यासक जेरी थॉमस यांनी या अंतराचा पाठपुरावा केला असता ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजात, जेथे शिकारीसाठी फेकण्याची परंपरा होती, ते अमेरिकेतील मुलामुलींपेक्षा कमी आढळले. फेक ही केवळ शरीराची देणगी नसून सरावाचे फळ आहे, असा याचा अर्थ घेणे रास्त ठरते. आणि ज्या अंगणात मुलगा दिवसभर दगड, विटी व चेंडू फेकत असतो त्याच अंगणात मुलीच्या हाती पाण्याची कळशी येते, हे ध्यानात घेतल्यास पहिल्या काही महिन्यांत बॅटीला, म्हणजे मैदानावर जिला सर्रास ‘स्लगर’ म्हणतात तिला, हातही न लावता फेक आणि झेल यांवरच भर का द्यावा हे उमगते. विरुद्ध पाय पुढे टाकणे, कंबर आधी व खांदा नंतर वळवणे आणि कोपर खांद्याच्या रेषेत ठेवणे, एवढे साधले तर मुलीची फेक पाहता पाहता बदलते.

खेळाच्या नावात ‘सॉफ्ट’ असले तरी चेंडू मऊ नसतो. बारा इंच घेराच्या अधिकृत चेंडूचे वजन सुमारे १७८ ते १९८ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून अधिक असते, म्हणून लहान मुलींसाठी अकरा इंची चेंडू वापरणे आणि पिचर व होम प्लेट, म्हणजे फलंदाजाजवळचा बेस, यांमधले ४३ फुटांचे अंतर कमी करणे इष्ट ठरते. पिचर म्हणजे हात खांद्याखालून फिरवून चेंडू टाकणारी खेळाडू. खालून टाकलेला चेंडू खांद्याला त्रास देत नाही, हा समज मात्र घातक आहे, कारण हात पवनचक्कीसारखा पूर्ण वर्तुळात फिरवून टाकण्याच्या पद्धतीत खांद्याच्या सांध्यावर येणारा ताण शरीराच्या वजनाच्या जवळपास पोहोचतो, असे मोजमापांतून दिसून आले आहे. बीजिंग ऑलिंपिकमध्ये, २००८ साली, जपानच्या युकिको उएनो यांनी दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून सुवर्णपदक मिळवून दिले आणि तेरा वर्षांनी टोकियोत, वयाच्या ३९व्या वर्षी, पुन्हा मिळवले. ही प्रौढ, वर्षानुवर्षे बांधलेल्या शरीराची कामगिरी आहे, आणि तिचा दाखला देऊन बारा वर्षांच्या मुलीकडून एका दिवसात दोन-तीन सामन्यांचे पिचिंग करवून घेणे सर्वथा अयोग्य होय. प्रत्येक संघात निदान तीन मुलींनी पिचिंग शिकावे, टाकलेल्या चेंडूंची नोंद ठेवावी, आणि शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधली जागा, एकाच तरबेज मुलीच्या नावे कायमची लावून देऊ नये. अशा फेरपालटामुळे काही सामने हातचे जातील, आणि ते जाऊ द्यावेत.

खानदेशातील जमीन व हवामान यांचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. कपाशीची काळी माती पावसात चिकट होऊन बुटांना धरते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सरपटी चेंडू अचानक चेहऱ्यावर उसळवते; मात्र सॉफ्टबॉलचे इनफिल्ड, म्हणजे चार बेसांमधला व त्यालगतचा भाग, मुळातच गवताविना ठेवण्याची रीत असल्याने, मुरूम पसरून, पाणी मारून व रोलर फिरवून तयार केलेले शाळेचे साधे मैदानही या खेळाला उत्तम चालते, आणि हिरवळीचा खर्च न पेलणाऱ्या शाळांसाठी ही मोठी अनुकूलता आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांना भिडत असल्याने शिबिरे सकाळी आठपूर्वी आटोपावी लागतात, तर शालेय स्पर्धा बहुधा पावसाळ्यात किंवा तो सरताच येतात, जेव्हा मैदानावरील सराव सर्वांत कमी झालेला असतो. त्यामुळे दिवाळीनंतरचे कोरडे, थंड महिने, जेव्हा स्पर्धा संपल्या म्हणून साहित्य खोलीत बंद होते, तेच वस्तुतः शिकण्याचे महिने मानले पाहिजेत.

मुली खेळ सोडतात त्यामागे कौशल्यापेक्षा वेगळी कारणेही असतात. अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पासमुळे गावाकडची मुलगी एसटीने शाळेत येते, परंतु परतीची शेवटची सोयीची गाडी सरावाच्या ऐन वेळी सुटत असेल तर तिचा सराव बंद होतो. म्हणून सरावाची वेळ प्रशिक्षकाच्या सवडीने न ठरवता गाडीच्या वेळेवरून ठरवणे आणि मैदानालगत स्वच्छ, पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह असणे, या गोष्टी डावपेचांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, यावरून लवकर दमणाऱ्या मुलीला आळशी ठरवण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य ठरते. कळण्याची भाकरी, शेंगदाणे व पालेभाजी हा घरचाच आहार पुष्कळ मदत करतो, मात्र जेवणासोबतचा चहा लोहाचे शोषण घटवतो, हे पालकांना समजावून सांगावे लागते.

साहित्यात ग्लोव्हचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. ग्लोव्ह न फेकणाऱ्या हातात घालतात. शाळांच्या संचात बहुतेक ग्लोव्ह डाव्या हाताचे असल्याने डावखुऱ्या मुलीला एक तर उलट्या हाताने फेकावे लागते किंवा बाजूला बसावे लागते, आणि दोन ग्लोव्ह उजव्या हाताचे घेतल्यास हा अन्याय सहज टळतो. कॅचरचा, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूचा, मास्क, छातीचे व पायांचे गार्ड, फलंदाज व धावपटूंची हेल्मेट आणि पहिल्या बेसवर टक्कर टाळणारा दुहेरी बेस यांत काटकसर करू नये.

लॉस एंजेलिसच्या २०२८ मधील ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परतत आहे, पण जळगाव-धुळ्यातील संघांना अधिक निकडीची गरज महिला प्रशिक्षकांची व पंचांची आहे. बारा-तेराव्या वर्षीच मुलींना स्कोअरशीट भरायला शिकवले, पिचर एक, कॅचर दोन, असे जागांचे क्रमांक त्यांना तोंडपाठ झाले आणि सराव सामन्यांत आळीपाळीने पंचगिरीही त्यांच्याकडे सोपवली, तर पदवीनंतर शारीरिक शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलींमधून तालुक्याच्या स्पर्धांना पंच मिळतील, आणि ज्यांची खेळाडू म्हणून निवड कधीच झाली नाही त्यांनाही मैदानावर मानाची जागा राहील.