पाच हजारांचा पेशंट

परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात एम.व्ही.एस्सी.ला मी पॅथॉलॉजी घेतली आणि प्रबंधासाठी कोंबड्या निवडल्या, तेव्हा मित्रांनी थट्टा केली. कुत्र्यामांजरांचा डॉक्टर शहरात दवाखाना थाटू शकतो. किलोवर विकल्या जाणाऱ्या पक्ष्याच्या उपचाराला पैसे कोण मोजणार? प्रश्न रास्तच होता. एका कोंबडीवर कोणी उपचार करत नाही. या शाखेत पाच हजार पक्ष्यांची अख्खी शेड हाच पेशंट, आणि तिचं दुखणं बहुतेकदा मेलेल्या पक्ष्याच्या पोटात शोधायचं.

पदवीच्या वर्षांत शवविच्छेदन परीक्षेपुरतं होतं. इथे ते रोजचं झालं. पक्षी आधी जंतुनाशकाच्या पाण्यात बुचकळायचा, म्हणजे पिसं उडत नाहीत. मग मांड्यांचे सांधे निखळवून तो उताणा पसरायचा. सर क्रम मोडू देत नसत. आतड्यात रक्त दिसलं तरी श्वासनलिका, हवेच्या पिशव्या, हृदय, यकृत, बर्सा (प्रतिकारशक्तीचा अवयव) आणि मांडीतली नस बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हा जाच वाटायचा, पण कारण लवकरच कळलं. सीकममध्ये (आंधळ्या आतड्यात) रक्त म्हणजे कॉक्सी (कॉक्सिडिओसिस), हे अनुभवी पोल्ट्रीवालाही सांगतो. त्याच पक्ष्याचा बर्सा सुजून पिवळट झालेला असेल आणि मांडीच्या स्नायूंवर रक्ताचे फटकारे असतील, तर गंबोरोचा विषाणू आत शिरलेला असतो. त्यानं प्रतिकारशक्ती खाल्ली की कॉक्सीला रान मोकळं. अशा वेळी नुसतं कॉक्सीचं औषध पाजून मर आटोक्यात येत नाही.

खरं शिक्षण मात्र ‘लस दिली होती, डॉक्टर’ या वाक्यानं झालं. राणीखेत रोगाचा संशय असलेल्या प्रत्येक शेडवर ते ऐकायला मिळायचं, आणि माणूस खोटं बोलत नसायचा. लस दिलेलीच असायची. आम्ही रक्त घेऊन प्रतिपिंडं मोजायची एचआय टेस्ट लावायचो: 96 खळग्यांची प्लेट, त्यात कोंबडीच्या लाल पेशी. प्रतिपिंडं असतील तिथे पेशी खाली बसून बटण दिसतं. एकाच शेडमधल्या काही पक्ष्यांचे टायटर (प्रतिपिंडांचं प्रमाण) भरपूर आणि काहींचे जवळपास शून्य आले, की लस सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही हे उघड. मग शेडवर जाऊन बघायचं. टाकीत क्लोरीनचं पाणी, त्यातच जिवंत विषाणूची लस मिसळलेली. लशीतला विषाणू पक्ष्याच्या चोचीपर्यंत पोचण्याआधीच मेलेला. लशीच्या पाण्यात दूध पावडर टाकायची ती क्लोरीन मारायला, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्यांना ती पौष्टिक खुराक वाटते. लशीआधी तास-दोन तास पाणी तोडलं नाही, तर तहान नसलेले पक्षी ते पाणी पीतच नाहीत. शिवाय पिल्लाला आईकडून आलेली प्रतिपिंडं असतात. गंबोरोची लस फार लवकर दिली तर ही प्रतिपिंडं तिलाच निष्प्रभ करतात. उशीर केला तर रोग आधी पोचतो. वेळापत्रक छापील कागदावरून उचलून चालत नाही, ते याच हिशेबानं बसवावं लागतं. माझ्या मते पोल्ट्रीच्या डॉक्टरची परीक्षा या हिशेबातच होते, औषधं लिहिण्यात नाही.

एक नियम मात्र पहिल्या आठवड्यातच बजावला होता. मर एकदम शेकड्यांनी वाढली, तुरे निळे-काळे पडले, डोकी सुजली, तर सुरी लावायची नाही. पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला निघाला आणि 2021मध्ये तो तिथे पुन्हा आला. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला हा नियम वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

प्रबंध, सेमिनार, तोंडी परीक्षा हे सगळं यथासांग पार पडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पोल्ट्रीवाल्यांना मात्र एक विनंती. आमच्याकडे पक्षी येतो तो बहुधा दोन अँटिबायोटिक पाजून झाल्यावर. कोलिस्टिनवर 2019मध्ये बंदी येण्याआधी तर ते सर्रास दिलं जायचं. औषध पोटात गेल्यावर कल्चरला जंतू उगवत नाही आणि निदान अंदाजावर येतं. तेव्हा नुसती मर वाढली असेल आणि वर सांगितलेली बर्ड फ्लूची लक्षणं नसतील, तर औषध सुरू करण्याआधी या. ताजे मेलेले दोन-चार पक्षी बर्फाच्या डब्यात आणा, फ्रीजरमध्ये गोठवलेले नकोत, कारण गोठलेल्या पेशी फाटतात आणि स्लाइड वाचता येत नाही. सोबत आजारी पण जिवंत असे एक-दोन पक्षी आणि लशीची नोंदवही असू द्या.