पहिले दोन सीझन वगळू नका

‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ कुठून बघायला घेऊ, असं कुणी विचारलं की माझं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं असायचं : तिसऱ्या सीझनपासून. तिथे ‘डिफायंट’ हे लढाऊ जहाज येतं, डोमिनियन या शत्रू साम्राज्याशी वैर पेटत जातं आणि मालिका वेग घेते. हल्लीच १९९३ ते १९९९ मधले १७६ भाग ओळीने पुन्हा पाहिले, आणि हा सल्ला मी मागे घेते आहे.

तो मी उगाच देत नव्हते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मूळ ‘स्टार ट्रेक’ लागायची, तेव्हापासून अवकाशातली गोष्ट म्हणजे दर भागाला नवा ग्रह, नवा पेच, आणि पेच सुटला की यान पुढे, हे मनात पक्कं बसलं होतं. इथे यान नव्हतं, एक जुनं अंतराळस्थानक होतं. कार्डेशियनांनी बजोर ग्रहावर पन्नासेक वर्षं सत्ता गाजवली आणि याच स्थानकात बजोरी लोकांना वेठीला धरून खनिज शुद्ध करून घेतलं. मालिका सुरू होते ती ते निघून गेल्यावर. मागे उरलंय डळमळीत हंगामी सरकार, एकेकाळी खांद्याला खांदा लावून लढलेल्यांची भांडणं आणि धर्मपीठाचं राजकारण. लढा जिंकून झालाय, आता बघायचं काय, असं मला वाटायचं.

आता मला सर्वांत जास्त त्याचंच कुतूहल वाटतं.

पहिल्या सीझनमधला ‘प्रोग्रेस’ हा भाग घ्या. पोरवयापासून भूमिगत लढ्यात वाढलेली किरा नेरीस आता स्वतंत्र बजोरची अधिकारी आहे. जेराडो नावाच्या चंद्राच्या पोटातली उष्णता काढून घरोघरी ऊर्जा द्यायची योजना आहे, पण त्यानंतर तिथे श्वास घेणं अशक्य होणार. बाकीचे गेलेत; मुलिबोक नावाचा म्हातारा शेतकरी हटत नाही. किरा त्याच्याकडे राहते, त्याची अर्धवट राहिलेली भट्टी बांधून पुरी करते, आणि मग आपल्या हाताने ती उडवून देते, झोपडीलाही आग लावते. सरकार आपलंच, काम लोकांच्या भल्याचं, आणि तरी उठायचं ते याच एका माणसाने. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या हकिकती ऐकलेल्या मराठी प्रेक्षकाला हा पेच वेगळा समजावून सांगावा लागत नाही. काल सत्तेविरुद्ध बंदूक उचललेल्या किराच्या हातात आज सत्तेचा हुकूम आहे. अभिनेत्री नाना व्हिजिटरच्या चेहऱ्यावर तो बदल दिसतो, आणि किराला तो मुळीच आवडलेला नाही हेही दिसतं.

त्याच सीझनमधला ‘ड्युएट’ पैसे वाचवण्यासाठी जवळपास सगळा तयार सेटवरच चित्रित झाला. गजांआड एक कार्डेशियन, समोर किरा, आणि बोलणं. तो गॅलिटेपच्या छळछावणीचा क्रूर अधिकारी असल्याची फुशारकी मारतो. किरा खोदत जाते तेव्हा कळतं, हा तिथला साधा कारकून मारित्सा. रात्री कैद्यांच्या किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून बसणारा. त्याने शस्त्रक्रिया करून त्या अधिकाऱ्याचा चेहरा घेतलाय, ते फासावर जाण्यासाठी. निदान खटल्यामुळे तरी आपला देश आपल्या पापाकडे बघेल या आशेने. किरा त्याला सोडते, आणि स्थानकावरच एक बजोरी माणूस त्याच्यावर सुरा चालवतो. तो कार्डेशियन आहे, एवढं कारण त्या माणसाला पुरेसं वाटतं. किराला आता ते पुरत नाही.

हे भाग सोडून सातवा सीझन बघितला तर निम्मा हातातून निसटतो. शेवटच्या युद्धात कार्डेशियाच डोमिनियनच्या टाचेखाली येते आणि त्यांच्या बंडखोरांना गनिमी कावा शिकवायला किरालाच पाठवलं जातं. बंडाचा म्होरक्या दमार बायकोमुलाच्या हत्येची बातमी ऐकतो आणि असे हुकूम देणारे कसले लोक, असं हताशपणे विचारतो. किरा तोच प्रश्न त्याच्याकडे परत भिरकावते. दमार गप्प होतो. त्या क्षणामागे गॅलिटेप आहे, मारित्सा आहे, सहा वर्षांपूर्वीचा तो सुरा आहे.

कार्डेशियनांच्या वतीने बजोरवर राज्य केलेल्या गुल दुकातबद्दलही माझं मत बदललं. तो देखणा, गोडबोल्या सरदार सुधारतोय असं मला पूर्वी मधल्या सीझनमध्ये वाटलं होतं. सुरुवातीपासून नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं, त्याला माफी नको असते, त्याला आभार हवे असतात. आपण किती उदारपणे राज्य केलं हे बजोरने मान्य करावं, यासाठी तो झुरतो. बजोरवर आपला एकही पुतळा नाही, ही त्याची खरी खंत आहे. त्याच्या पुढच्या अधःपाताचं बीज पहिल्या सीझनपासून तिथेच होतं.

त्या दोन सीझनमधलं सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. ‘मूव्ह अलाँग होम’ मला आजही कंटाळवाणा वाटतो. मालिकेची एचडी आवृत्ती कधी निघाली नाही, त्यामुळे चित्रही धूसर दिसतं. तरीही ते वगळू नयेत. परकी राजवट गेल्याचं एका भागात दाखवता येतं. तिने मागे ठेवलेला द्वेष, भीती आणि सवयी माणसांच्या आतून जायला वर्षं लागतात. सात सीझनची लांबी या मालिकेने त्यासाठी वापरली आहे, आणि तो हिशेब पहिल्याच भागापासून सुरू होतो. यापुढे कुणी विचारलं तर मी पहिल्या भागाचंच नाव सांगेन : ‘एमिसरी’.