आठ चाकं, सोळा बेअरिंग्ज

"तुझ्या पायाचा साइज काय गं?" दादाने विचारलं.

स्थळ : अ‍ॅनाहाइम, कॅलिफोर्निया. आतेभावाचं गॅरेज. काळ : गेल्या वर्षीचा. ज्या साप्ताहिकात माझं पान यायचं ते नुकतंच बंद पडलं होतं आणि मी 'जरा हवापालट' या गोंडस नावाखाली साठवलेले पैसे उडवून मुंबईतून चक्क पळ काढला होता. पुण्याहून आईचे रोज फोन. "आता तरी धड नोकरी बघ." अशा मूडमध्ये असताना दादाने खोक्यातून जुने स्केट्स काढले. काळे, जड, एका ओळीत चार चाकं. 'मिशन' कंपनीचे. 1996 साली, चौदाव्या वर्षी, उन्हाळाभर शेजाऱ्यांची लॉन कापून घेतलेले.

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. दादाची हॉकी म्हणजे आइस हॉकी, पण बर्फ वजा करून! 1980च्या सुमारास मिनेसोटातल्या स्कॉट ओल्सन या हॉकीपटूला बर्फ नसतानाही प्रॅक्टिस करायची होती, त्यातून 'रोलरब्लेड'चा धंदा उभा राहिला. मग 1988 मध्ये वेन ग्रेट्स्की लॉस एंजलिसच्या टीममध्ये आला. 1992 मध्ये डिस्नेचा 'द मायटी डक्स' सिनेमा लागला आणि पुढच्याच वर्षी डिस्नेने त्या नावाची खरीखुरी टीम अ‍ॅनाहाइममध्ये उतरवली. त्याच 1993 मध्ये रोलर हॉकीची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद अ‍ॅनाहाइमच्याच बुलफ्रॉग्जनी पटकावलं. दादाच्या गल्लीतली पोरं येडी व्हायची बाकी काय राहिली होती? बर्फ नको, महागडा रिंक नको. पार्किंग लॉट पुरे.

पोरं आली की कंपन्या येतातच. 'मिशन' 1994 मध्ये कॅलिफोर्नियातच, याच लाटेवर जन्मली. 'बॉअर' हा 1927 पासूनचा कॅनडाचा ब्रँड. त्याची मालक कंपनी नाइकीने 1995च्या सुमारास तब्बल 39.5 कोटी डॉलर्सला घेतली. 

आणि मग लाट ओसरली. लीगने 1998चा मोसम गाळला, 1999 मध्ये कसाबसा खेळवला आणि गाशा गुंडाळला. 2008 मध्ये नाइकीने बॉअर विकून टाकली, 20 कोटी डॉलर्सना. म्हणजे जवळपास निम्म्याने! त्याच वर्षी बॉअरने मिशनही गिळली. 2016 मध्ये बॉअरच्याच मालक कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली आणि बॉअर पुन्हा नव्या मालकांकडे गेली.

"आणि तुझा रिंक?"

"गोडाऊन झालं तिथे."

तरी हा त्रेचाळीस वर्षांचा गृहस्थ दर मंगळवारी रात्री पाऊण तास गाडी चालवत दुसऱ्या रिंकवर जातो. मीही गेले. चार विरुद्ध चार, अधिक गोलकीपर. गुडघ्यांना पट्टे, टकलांवर हेल्मेट. प्रेक्षक : मी एकटी. परत येताना मी विचारलंच, "सगळ्यांनी सोडून दिलेला खेळ कशाला खेळतोस रे?" 

"विकणाऱ्यांचं गणित वेगळं असतं गं," तो म्हणाला. "आमचे दहा जण जमले की झालं."

मी गप्प बसले. माझ्या बंद पडलेल्या पानालाही काही वाचक पत्रं पाठवायचे. किती? मोजून दहाबारा असतील. मला मात्र पान बंद झालं म्हणजे वाचकही संपले असंच वाटत होतं.

स्केट्स माझ्यासोबत मुंबईला आले. (हो, साइज जमला. जाड मोजे घालून.) चाकं तडकलेली, बेअरिंग्ज गंजलेली. चाकं ऑनलाइन मिळाली. बेअरिंगसाठी नागदेवीतल्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या काकांनी जुनं बेअरिंग बोटावर फिरवून पाहिलं.

"608. मोटरला पायजे का?"

"स्केट्सला."

"कशाला पण लावा. किती देऊ?"

सोळा घेतली. कंपन्या विकल्या गेल्या, लीग बुडाली, पण तो नंबर तसाच आहे.

दहावीचं वर्ष म्हणून सोडलेलं स्केटिंग मी आता रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आठ वर्षांच्या मुलांबरोबर, पुन्हा शिकतेय. लिहिणंही चालू आहे, मिळेल तिथे. नोकरी बघितलेली नाही.

आईचे फोन अजून येतात. फक्त आता पहिला प्रश्न असतो, "गुडघ्याला काय झालं?"