सर, टॉपिक द्या

संशोधनासाठी येणारं पोर पहिल्या भेटीत पुस्तक मागत नाही, सल्लाही मागत नाही. खुर्चीच्या कडेवर टेकतं आणि म्हणतं, "सर, टॉपिक द्या." पीएच.डी. प्रवेशाची पेट परीक्षा पास झालेली असते, फेलोशिपचा अर्ज भरायचा असतो, सिनॉप्सिसची तारीख डोक्यावर असते. त्याची घाई मला कळते. पण राज्यशास्त्राच्या मार्गदर्शकाचं निम्मं कसब, आणि निम्मी लबाडीसुद्धा, या एका मागणीला तो काय उत्तर देतो त्यात असते.

टॉपिक दिला कसा जातो ते पाहा. आधी आडनाव विचारलं जातं, मग गाव. समोर मुलगी असेल तर पंचायत राजमधील महिलांचा सहभाग, विशेष संदर्भ अमुक तालुका. विद्यार्थी बौद्ध असेल तर बाबासाहेबांच्या अमुक विचारांची समकालीन प्रस्तुतता. धनगर असेल तर आरक्षणाची चळवळ, आदिवासी असेल तर पेसा कायदा. आणि बागायतदार घरातला मुलगा असेल तर? त्याच्यापुढे सगळं रान मोकळं. त्याने भारत-चीन संबंध घ्यावेत, आघाडी सरकारं घ्यावीत, राज्यपालांचे अधिकार घ्यावेत. त्याला कुणी म्हणत नाही की बाबा, तू तुझ्या जातीच्या सत्तेवर लिही. यात दुष्टावा नसतो. उलट आपुलकीच असते. "तुझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, माहिती पटकन मिळेल." विद्यापीठाच्या ग्रंथालयात काळ्या बाइंडिंगचे प्रबंध ओळीने लावलेले असतात. त्यांच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं वाचत गेलं की लेखकाचं नाव झाकूनही त्याचा दाखला काढता येतो.

विविधतेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा हजेरीपटापाशी थांबते. हजेरीपट बदलला आहे, हे मात्र खरं, आणि ते फार मोठं काम झालं आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपांमुळे ज्यांच्या घरात आजवर कुणी पदवीचा कागद पाहिला नव्हता ती मुलं पीएच.डी.ला आली. डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात, ही मुलं पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा प्रश्न विचारला गेला तेव्हा आमच्या विभागातली पोरं दोन दिवस धुसफुसत होती. मलाही राग आला. पण रागाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होऊ नये असं वाटत होतं. मुलगा आत आला, फेलोशिप सुरू झाली आणि आत आल्यावर त्याला त्याच्याच वस्तीची माहिती गोळा करायला परत पाठवलं, तर दार उघडून आपण नेमकं काय केलं?

या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं ते गोपाळ गुरू यांनी. २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यांनी एक निबंध लिहिला. भारतातील समाजविज्ञानं कितपत समतावादी आहेत, असा सरळ प्रश्न त्यात होता. सिद्धान्त मांडणारे एका बाजूला, अनुभवाचा कच्चा माल पुरवणारे दुसऱ्या बाजूला, आणि ही विभागणी जातीच्या रेषेवरूनच जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी स्वतः पुण्यात राज्यशास्त्र शिकवलेलं, पुढे दिल्लीत. त्यामुळे हे बाहेरून मारलेले ताशेरे नव्हते. तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांनी तात्त्विक अंगाने प्रश्न केला की अनुभव ज्याचा, सिद्धान्त मांडायचा अधिकारही त्याचाच का? त्या वादातून २०१२ साली दोघांचं पुस्तक झालं. एम.ए.च्या वर्गात मी हा वाद शिकवतो तेव्हा मुलं चटकन दोन गटांत वाटली जातात, आणि गटांची वाटणी बाकांच्या वाटणीशी जुळते. मी काही न बोलता ते त्यांच्या लक्षात येईपर्यंत थांबतो.

माझा स्वतःचा कौल गुरूंच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. त्यांचा आग्रह होता की वंचित समाजातल्या विद्वानांनी सिद्धान्ताकडे वळावं. आमच्या विभागांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं: ज्याचा अनुभव, त्याने तोच लिहावा. म्हणजे मुलाला सिद्धान्तापर्यंत पोचवायचं राहिलं बाजूला, त्याला अनुभवातच कोंडून घातलं.

अशा वेळी मी बाबासाहेबांचंच उदाहरण देतो, कारण तिथे कुणी हरकत घेत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातींवरचा निबंध वाचला, हे सगळ्या मुलांना पाठ असतं. मग मी विचारतो, डॉक्टरेटसाठी त्यांनी काय निवडलं? वर्ग शांत. कोलंबियासाठी ब्रिटिश हिंदुस्थानातली प्रांतिक वित्तव्यवस्था, लंडनसाठी रुपया. अस्पृश्यतेचा अनुभव त्यांच्या गाठीशी कमी होता का? तरी त्यांनी साम्राज्याची तिजोरी उघडून पाहिली: महसूल कोण गोळा करतो, प्रांतांच्या वाट्याला काय येतं, चलनाचा दर ठरतो तेव्हा कुणाचा खिसा हलका होतो. रुपयावरचा ग्रंथ १९२३ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांचे लंडनचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी आपले मतभेद उघडपणे नोंदवले आणि तरीही मांडणीतल्या ताजेपणाला मनापासून दाद दिली. मार्गदर्शकाने एवढंच करावं. आपल्याला न पटणारा प्रबंध नीट उभा राहू द्यावा आणि न पटल्याचं लिहूनही ठेवावं. आमच्याकडे प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मार्गदर्शकाचीच मतं विद्यार्थ्याच्या तोंडून बाहेर पडतात, ते सोडा.

महाराष्ट्राच्या राजकारणाचा अभ्यास सुरू झाला तोही बहुतांशी वर पाहत. पुणे विद्यापीठातल्या वि. म. सिरसीकरांनी १९७० मध्ये ग्रामीण अभिजनांवर पुस्तक लिहिलं. अँथनी कार्टर यांनी १९७४ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांच्या युत्या उलगडल्या. जयंत लेले यांनी १९८१ मध्ये मराठा वर्चस्वाची वर्गीय बाजू मांडली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या, साखर कारखाने उभे राहत होते, त्यामुळे इथे राज्य कोण करतं हा प्रश्न त्या पिढीला पडणं साहजिक होतं. ही पुस्तकं आजही वाचायला लावावीत इतकी चांगली आहेत. फक्त एक गंमत पाहा. सत्तेत कोण आहे याचा अभ्यास करायचा मान अभ्यासकांच्या त्या पिढीला मिळाला, आणि जी मुलं नंतर आली त्यांच्या हाती सत्तेबाहेर कोण आहे याची यादी दिली गेली. वर पाहायचं कसब त्यांना कुणी शिकवलंच नाही.

ते शिकवायचं कसं? मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट अगदी रूक्ष आहे: मतदार यादी. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेचा 'लोकनीती' उपक्रम निवडणुकांच्या वेळी देशभर सर्वेक्षण करतो आणि घरोघर जाण्याचं काम बऱ्याच ठिकाणी महाविद्यालयीन मुलं करतात. आधी मतदारसंघ, मग मतदान केंद्रं, मग यादीतून ठरावीक अंतराने नावं निवडली जातात. जे नाव निघालं त्यालाच भेटायचं. वाटेतल्या ओळखीच्या घरी चहा घेऊन फॉर्म भरायचा नाही. मुलं कुरकुरतात. यादीतलं नाव मळ्यात निघतं, पारध्यांच्या पालावर निघतं, वाड्यात निघतं. आपले पाय आपल्याला नेहमी आपल्यासारख्यांकडेच नेतात. यादीला मात्र कुणाचं आडनाव कळत नाही. वाड्याच्या ओसरीवर कधी न बसलेली मुलगी हातात प्रश्नावली घेऊन त्या ओसरीवर बसते आणि मालकांना विचारते, "तुमच्या मते या सरकारचा फायदा कुणाला झाला?" माझ्या तासांनी जे होत नाही ते त्या अर्ध्या तासात होतं.

दुसरी अडचण दुपारची. नाव बाईचं निघतं, उत्तरं नवरा देतो. "तिला काय कळतंय, मी सांगतो ना." तिथे मुलांना सभ्यपणे हटून बसावं लागतं. मत कुणाला दिलं हा प्रश्न तोंडी विचारत नाहीत; नकली मतपत्रिका आणि छोटी पेटी जवळ असते, बाईने शिक्का मारून घडी आत टाकायची. नवरा तिथे मान वाकडी करून बघायला लागला की सर्वेक्षकाने त्याला पाणी आणायला पाठवायचं, ही युक्ती मला एका विद्यार्थिनीनेच सांगितली. पद्धतिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात ती नाही.

वर्गातही हेच. कोण कुठल्या बाकावर बसून वाचतो त्यावर पान बदलतं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र होतं: संविधानाची गोगलगाय, तिच्यावर बसलेले आंबेडकर, मागे चाबूक उगारलेले नेहरू. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी पाठ्यपुस्तकांचं सल्लागारपद सोडलं, पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड निषेधार्हच, तिथे माझं 'पण' नाही. मात्र चित्र वर्गात दाखवलं की एकाला घटना समितीच्या संथपणावरची थट्टा दिसते आणि दुसऱ्याला फक्त चाबूक दिसतो. त्याच्या आज्ज्याने चाबूक पाहिलेला असतो, चित्रातला नव्हे. पहिल्याला विनोद समजावून सांगायची गरज नसते आणि दुसऱ्याला संवेदनशीलतेचं प्रमाणपत्र द्यायची नसते. दोघांनी घटना समितीच्या चर्चांचे खंड उघडावेत, २५ नोव्हेंबर १९४९ चं आंबेडकरांचं भाषण वाचावं आणि मग भांडावं. भाषणात घटना समितीला किती काळ लागला याचा हिशेब बाबासाहेबांनीच दिला आहे. चित्रावरचं भांडण तिथे गेल्यावर जास्त चांगलं होतं.

 

हल्ली मी टॉपिक देत नाही. आधी एक प्रश्न घेऊन ये म्हणतो, ज्याचं उत्तर तुला माहीत नाही आणि ज्याच्यामुळे तुझ्या गावात कुणालातरी अवघडल्यासारखं होईल. बागायतदार घरातल्या एका मुलाला परराष्ट्र धोरणच हवं होतं. त्याला मी त्याच्या गावचं ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक वाचून यायला सांगितलं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असा नियम आहे. रजिस्टरात प्रत्येक महिला सभा झालेली होती, भरगच्च उपस्थितीत, आणि सह्यांचं वळण घरागणिक एकच. त्याने आईला विचारलं. आईला अशी सभा असते हेच ठाऊक नव्हतं, आणि तिची सही तिथे होती. तो परराष्ट्र धोरणाकडे परत गेला नाही.

आणि एक मुलगी बीड जिल्ह्यातली, ऊसतोडीच्या घरातली. तिच्या शाळेची वर्षं निम्मी फडावर गेलेली. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल नवऱ्याच्या नावाने, हे सगळं तिला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. तिला भेटणारा प्रत्येक जण ऊसतोड महिलांचे प्रश्न हा विषय सुचवायचा. तिला मात्र जिल्हा मध्यवर्ती बँकेची निवडणूक अभ्यासायची होती. या बँकेत गावच्या सोसायटीच्या वतीने मत कुणी द्यायचं, त्याचा ठराव सोसायटी करते. निवडणुकीच्या आधी पुढाऱ्यांची माणसं हे ठराव गोळा करत हिंडतात, कुठे रातोरात नाव बदलतं, आणि मतदान व्हायच्या आत निकालाचा बराचसा भाग लागलेला असतो. हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि प्रबंधांत जवळजवळ नाही.

मान्यता समितीपुढे एका सदस्यांनी तिला विचारलंच, "तुम्ही ऊसतोड कुटुंबातल्या. मग त्यांच्यावरच का नाही काम करत?"

ती म्हणाली, "त्यांच्यातच काम केलंय सर, कोयता घेऊन. बँकेत मला कधी आत जाऊ दिलेलं नाही."

समितीने विषय मंजूर केला, शीर्षकाला 'एक चिकित्सक अभ्यास' जोडून. ते जोडल्याशिवाय आमच्याकडे काही मंजूर होत नाही. सध्या ती सोसायट्यांचे जुने ठराव मिळवते आहे. काही गटसचिव चहा पाजतात आणि रजिस्टर ऑडिटला गेलंय म्हणतात, एकाने तिला वडिलांना घेऊन यायला सांगितलं. सहायक निबंधकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा आहे. मसुदा तिनेच लिहिला, मी फक्त एका वाक्यातलं 'कृपया' काढलं आणि तिने ते परत घातलं.